आफ्रिकेतल्या मक्याचा साठ वर्षांचा आलेख: आकडे उतरवण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

आफ्रिका खंडात १९६१मध्ये साधारण १ कोटी ६० लाख टन मका पिकत होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ९ कोटी टनांच्या पुढे गेला आहे. साठ वर्षांत पावणेसहा पटींच्या आसपास वाढ! आलेख काढला तर रेष डावीकडून उजवीकडे चढतच जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं, तिथे हरितक्रांती झाली असावी.

आता याच काळातली लोकसंख्या शेजारी ठेवा. १९६१मध्ये खंडात २९ कोटींच्या आसपास माणसं होती, २०२१मध्ये १३९ कोटींच्या आसपास. भागाकार केला की माणशी मका ५५ किलोंवरून जेमतेम ६६ किलोंवर आलेला दिसतो. पिकाची वाढ वर्षाला सुमारे ३ टक्के, माणसांची सुमारे २.६ टक्के. हाती उरला तो एवढाच फरक. शिवाय केनियातली उगाली, मलावी-झांबियातली न्सिमा, झिंबाब्वेतली साड्झा हे सगळं मक्याच्या पिठाचंच. ज्या घरात दोन्ही वेळा हेच शिजतं, तिथे या फरकावर पोट अवलंबून असतं. म्हणून हा आलेख नीट वाचता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कृषी पदवीचे विद्यार्थी, शेतीवर लिहिणारे पत्रकार, धान्य बाजाराचा अभ्यास करणारे, अशा कुणालाही एक स्प्रेडशीट आणि दोन-तीन संध्याकाळी एवढ्या भांडवलावर हे काम जमतं. पद्धत इतर पिकांना आणि इतर खंडांनाही चालते. इथे आफ्रिका आणि मका घेतला आहे, कारण फसण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा या एकाच उदाहरणात भेटतात.

आकडे कुठून घ्यायचे

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा (एफएओ) ‘फाओस्टॅट’ हा आकड्यांचा साठा सगळ्यांना मोफत खुला आहे आणि त्यात १९६१पासूनचे आकडे मिळतात. त्यातल्या उत्पादन विभागात ‘क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स’ हे पान उघडा. तिथे चार चौकटी दिसतात: देश, घटक, पीक, वर्षं. पिकात ‘मेझ (कॉर्न)’ निवडा. हिरव्या कणसांचा मका ‘ग्रीन कॉर्न’ या वेगळ्या नावाने येतो. तो यात मिसळायचा नाही, कारण आपल्याला वाळलेल्या दाण्याचा हिशोब हवा आहे.

घटकांत तिन्ही घ्या: काढणी झालेलं क्षेत्र, उत्पादन आणि हेक्टरी उत्पादकता. नुसतं उत्पादन उतरवून काम सुरू करणाऱ्यांना पुढे परत याच पानावर यावं लागतं. वर्षं सगळी घ्या. सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) उतरवताना ‘फ्लॅग’चा रकाना चालू ठेवा. तो का, ते पुढे येईलच. फाइलच्या नावातच उतरवल्याची तारीख लिहा. एफएओ मागच्या वर्षांचे आकडेही सुधारत असते, त्यामुळे आज उतरवलेला २०१९चा आकडा आणि दोन वर्षांपूर्वी उतरवलेला २०१९चा आकडा वेगळे निघू शकतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा ‘पीएसडी’ (उत्पादन, पुरवठा आणि वितरण) हा आकड्यांचा साठाही चांगला आहे आणि शिल्लक धान्य-आयात-निर्यातीसाठी तो लागतोच. पण तिथे हिशोब विपणन वर्षाचा, म्हणजे एका काढणीपासून पुढच्या काढणीपर्यंतचा असतो, तर एफएओ ज्या कॅलेंडर वर्षात बहुतांश काढणी झाली त्या वर्षाच्या नावावर पीक टाकते. दक्षिण आफ्रिकेत पेरणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते आणि कणसं पुढच्या वर्षी उतरतात. एफएओच्या तक्त्यातलं ‘२०१६’ म्हणजे २०१५च्या अखेरीस पेरलेलं पीक. दोन साठ्यांतले आकडे एकाच रकान्यात चिकटवले, तर दुष्काळ एक वर्ष पुढे-मागे सरकतो आणि पाऊस-पिकाचं सगळं नातं बिघडतं.

फाइल स्वच्छ करताना

पहिली अडचण बेरजेची. निवडीच्या यादीत ‘आफ्रिका (टोटल)’ आणि ‘आफ्रिका (लिस्ट)’ असे दोन पर्याय असतात. पहिला तयार बेरीज देतो, दुसरा एकेक देश. दोन्ही घेऊन खाली बेरीज मारली तर खंडाचं पीक दुप्पट होतं. दोन्ही उतरवा, पण वेगळ्या पानांवर ठेवा आणि देशांची बेरीज तयार बेरजेशी जुळते का, ते एकदा ताडून बघा.

दुसरी अडचण नकाशाची. इरिट्रिया १९९३मध्ये स्वतंत्र झाला, दक्षिण सुदान २०११मध्ये. तक्त्यात आधी जुना इथिओपिया आणि जुना सुदान वेगळ्या नावांनी येतात, मग नवे देश सुरू होतात. सलग मालिका हवी असेल तर नंतरच्या वर्षांत दोन्ही देशांची बेरीज करून जुन्याला जोडा.

उपविभागांच्या नावांकडेही लक्ष असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या विभागणीत ‘दक्षिण आफ्रिका विभागा’त फक्त पाच देश येतात: दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि इस्वातिनी. झांबिया, मलावी, झिंबाब्वे आणि मोझांबिक हे सगळे ‘पूर्व आफ्रिके’त मोडतात. बातम्यांमध्ये मात्र ‘दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळ’ म्हटलं की हेच चार देश डोळ्यांसमोर असतात. एल निनोचा परिणाम शोधायचा असेल तर एफएओची तयार विभागणी सोडून स्वतःचा गट बनवा.

तिसरी गोष्ट एककाची. जुन्या फायलींमध्ये उत्पादकता हेक्टरी हेक्टोग्रामात आहे, म्हणजे १०,००० हा आकडा दिसला की तो १ टन समजायचा. नव्या फायलींत किलो आहेत. मी सगळं टनात आणतो आणि शेजारी एक रकाना एकरी क्विंटलचाही ठेवतो, कारण आपल्याकडच्या वाचकाला तोच कळतो. खंडाची आजची सरासरी हेक्टरी २.२ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एकरी ९ क्विंटल. एवढं वाचलं की खानदेश-मराठवाड्यातल्या मका उत्पादकाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. भारताची सरासरी हेक्टरी साडेतीन टनांच्या आतबाहेर आहे, तर अमेरिकेची ११ टनांच्या जवळपास.

वाढ जमिनीची की उताऱ्याची?

सगळ्या कामातली सर्वात मोलाची पायरी ही. उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उत्पादकता, म्हणजेच हेक्टरी उतारा. वाढ कुठून आली, हे विचारायचं तर या दोघांचा वाटा वेगळा काढावा लागतो. गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करण्यासाठी लॉगरिदम वापरतात. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी ‘एलएन’ नावाचं फंक्शन असतं.

खंडाचे ढोबळ आकडे घेऊन करून बघू. क्षेत्र १९६१मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख हेक्टर होतं, आता ४ कोटी २० लाखांच्या आसपास. उत्पादकता १.०३ टनांवरून २.२ टनांकडे. उत्पादन १.६ कोटी टनांवरून, सोयीसाठी धरू, ९.२ कोटी टन.

उत्पादनाचं गुणोत्तर ५.७५, त्याचा लॉग १.७५. क्षेत्राचं गुणोत्तर २.७१, लॉग १.००. उत्पादकतेचं २.१२, लॉग ०.७५. एक अधिक पाऊण बरोबर पावणेदोन, हिशोब जुळला. आता १.०० ला १.७५ने भागा: सुमारे ५७ टक्के वाढ नवी जमीन मक्याखाली आल्यामुळे, आणि ४३ टक्के हेक्टरी उतारा वाढल्यामुळे.

या दोन टक्क्यांमध्ये खंडाची सगळी गोष्ट साठलेली आहे. भारतात गव्हाचं उत्पादन वाढलं ते मुख्यतः उताऱ्याच्या जोरावर. आफ्रिकेतल्या मक्याचा मोठा वाटा मात्र झुडपी रान मोडून, पडीक ठेवण्याचा काळ कमी करून, ज्वारी-बाजरीची जागा घेऊन आला. टांझानियात आज मक्याखाली चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास जमीन आहे आणि उतारा दीड-पावणेदोन टनांतच घुटमळतो. ही वाट कायम चालत नाही. मोडायला चांगली जमीन कमी होत जाते, आणि खताशिवाय वर्षानुवर्षं मकाच घेतला की माती खंगते.

हाच हिशोब एकदम साठ वर्षांचा न करता तुकड्यांत करा: १९६१–८०, १९८०–२०००, २०००पासून पुढे. मधल्या तुकड्यात अनेक देशांतला उतारा अडकून पडलेला दिसेल. त्या काळात कर्जांच्या अटींखाली खतांवरची अनुदानं आणि सरकारी खरेदी मंडळं आक्रसली. २०००नंतर उताऱ्याचा वाटा पुन्हा सुधारतो.

सुरुवातीचं वर्ष निवडताना हात राखून

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला ९० टक्क्यांहून जास्त मका पावसावर येतो, म्हणून आकडे उसळतात आणि आपटतात. दक्षिण आफ्रिका या देशाचं उदाहरण इतकं बोलकं आहे की वर्गात शिकवताना मी तेच पुढे ठेवीन.

१९८१: दीड कोटी टनांच्या जवळ. १९९१: सुमारे ८६ लाख टन. १९९२, भीषण दुष्काळ: सुमारे ३३ लाख टन. २०१६, पुन्हा दुष्काळ: सुमारे ७८ लाख टन. २०१७: १ कोटी ६८ लाख टन.

आता कुणी १९८१पासून २०१६पर्यंत रेष ओढली तर म्हणेल, ‘पीक निम्म्यावर आलं.’ १९९२पासून २०१७पर्यंत ओढणारा म्हणेल, ‘पाच पट झालं.’ दोघांनी एकही आकडा खोटा वापरलेला नाही. कुणाच्या लेखात फक्त दोन वर्षांची तुलना दिसली की पहिला प्रश्न हाच विचारा: हीच दोन वर्षं का घेतली?

उपाय साधे आहेत. एक, टोकाच्या वर्षांऐवजी तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घ्या. दोन, वाढीचा दर टोकाच्या दोन बिंदूंतून न काढता सगळ्या वर्षांमधून काढा. उत्पादनाचा लॉग घेऊन तो वर्षांवर सरळ रेषेने बसवला की रेषेचा उतार हाच वार्षिक वाढीचा दर. स्प्रेडशीटमध्ये ‘स्लोप’ फंक्शन हे एका ओळीत देतं. तीन, मूळ उसळता आलेख आणि सरासरीची रेष दोन्ही एकाच चित्रात दाखवा. चढउतार पुसून टाकू नका. ज्या कुटुंबाने १९९२ सोसलं, त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीला काही अर्थ नव्हता.

खंड फोडून बघा

खंडाची सरासरी २.२ टन म्हटलं तरी एवढा उतारा प्रत्यक्षात फार थोड्या देशांत मिळतो. एका टोकाला इजिप्त आहे. तिथला मका नाईलच्या पाण्यावर येतो, उतारा ७ टनांच्या वर. आस्वानचं उंच धरण १९७०मध्ये पूर्ण झालं, बारमाही पाण्याची खात्री झाली आणि मक्याची पेरणी पुरानंतरच्या हंगामातून लवकरच्या उन्हाळी हंगामात सरकली. तरीही इजिप्त जगातल्या मोठ्या मका आयातदारांपैकी एक आहे, कारण कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्याला घरचा मका पुरत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा आलेख तर उलटाच. १९८०च्या दशकात ४० लाखांहून जास्त हेक्टरांवर मका होता, आता साधारण २६ ते ३० लाखांवर आहे. क्षेत्र घटलं आणि पीक टिकलं, चांगल्या वर्षी वाढलंही, कारण उतारा २ टनांच्या आसपासून ५–६ टनांवर गेला. हलक्या जमिनी मक्यातून बाहेर पडल्या, सरकारी भावाची मंडळं १९९०च्या दशकात बंद झाली, संकरित आणि पुढे जनुकीय बदल केलेलं बियाणं आलं. या देशावर वरचा लॉगचा हिशोब चालवला तर क्षेत्राचा वाटा उणे येतो. तो चुकीचा समजून खोडू नका. क्षेत्र घटल्याचीच ती खूण आहे.

इथिओपियाकडे मला सर्वात जास्त वेळ द्यावासा वाटतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उतारा दीड टनाच्या आसपास होता, २०२०च्या सुमारास तो ४ टनांच्या पुढे गेला. इथे इजिप्तसारखा कालवा नाही, दक्षिण आफ्रिकेसारखी हजारो एकरांची यांत्रिक शेती नाही. बहुतेक शेतकरी एखाद-दीड हेक्टरचे. बाको संशोधन केंद्राच्या ‘बीएच’ मालिकेतल्या संकरित वाणांचा प्रसार, खताचा वाढलेला वापर आणि गावोगाव नेमलेले कृषी विस्तार कार्यकर्ते या तिन्हींची सांगड घातली गेली. पावसाच्या, लहान तुकड्यांच्या शेतीत उतारा अडीच पटींनी वाढू शकतो, याचा हा पुरावा आहे. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागात काम करणाऱ्यांनी तो बारकाईने वाचावा, असा माझा आग्रह आहे.

नायजेरियात १९८०च्या सुमारास दहा लाख टनांच्या आत असलेला आकडा १९९०मध्ये पन्नास लाखांच्या वर दिसतो. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेचे (आयआयटीए) वाण, स्वस्त खत आणि नवे रस्ते यांमुळे उत्तरेच्या गवताळ पट्ट्यात मका खरोखर पसरला. पण दहा वर्षांत पाच पट उडी दिसली की एवढ्यावर समाधान मानायचं नाही. अंदाज काढण्याची पद्धतही बदलली का, ते तपासायचं. तिथूनच पुढची पायरी सुरू होते.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

आपल्याकडे पीक विम्यामुळे ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द गावागावांत पोचला आहे. ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं, त्यावरून महसूल मंडळाचा उतारा काढायचा. आफ्रिकेतल्या काही देशांत असे प्रयोग नियमित होतात, काहींत क्षेत्रीय कर्मचाऱ्याच्या नजर-अंदाजावर भागवलं जातं. त्यात मक्याच्या ओळींत चवळी, घेवडा किंवा भोपळा लावलेला असतो. मग ते शेत पूर्ण एक हेक्टर धरायचं की अर्धं? काढणीआधी घरच्यांनी हिरवी कणसं भाजून-उकडून खाल्ली, ती कुठे मोजायची? टंचाईच्या महिन्यांत हा भाग लहान नसतो.

आता ‘फ्लॅग’चा रकाना उघडा. ‘ए’ म्हणजे देशाने दिलेला अधिकृत आकडा, ‘ई’ म्हणजे अंदाज, ‘आय’ म्हणजे एफएओने गणिताने भरलेली जागा. प्रत्येक देशासाठी ‘ए’ सोडून इतर अक्षरं किती वर्षं येतात ते मोजा आणि त्या वर्षांचे बिंदू आलेखात पोकळ दाखवा. एखाद्या देशात सलग काही वर्षं उत्पादकता एकाच ठोक आकड्यावर थांबलेली दिसली, तर ती शेतातून आलेली नसण्याची शक्यता जास्त.

अधिकृत असला म्हणजे आकडा निःशंक, असंही नाही. मलावीत २००५च्या दुष्काळी हंगामात सुमारे १२ लाख टन मका झाला. त्यानंतर सरकारने खत आणि बियाण्यावर मोठं अनुदान सुरू केलं. २००७मध्ये अधिकृत उत्पादन ३२ लाख टनांवर गेलं आणि जगभर कौतुक झालं. अनुदानाने पीक वाढलं, यात वाद नाही. पण तुलना दुष्काळी वर्षाशी होती, पुढच्या दोन वर्षांत पाऊस चांगला होता, आणि एवढं विक्रमी पीक येऊनही २००८मध्ये मक्याचे भाव चढले. धान्य खरंच तेवढं होतं तर भाव का चढले, हा प्रश्न अनेक अभ्यासकांनी विचारला. तुम्हीही अशी उडी दिसली की भाव, आयात आणि पाऊस या तीन स्वतंत्र साक्षीदारांना विचारा.

काळरेषेवर घटना बसवा

आलेख तयार झाल्यावर त्यावर घटनांच्या उभ्या रेषा ओढा. ठरवलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठी त्या ओढायच्या नाहीत, प्रश्न सुचावेत म्हणून ओढायच्या. १९६०मध्ये आजच्या झिंबाब्वेत एसआर-५२ हा संकरित वाण आला, १९६४मध्ये केनियात कितालेहून ‘हायब्रिड ६११’. १९८३–८४ आणि १९९२चे दुष्काळ. २००६चा आफ्रिकी देशांचा खतवापराबद्दलचा अबुजा जाहीरनामा: हेक्टरी ८ किलो अन्नद्रव्यांवरून २०१५पर्यंत ५० किलोंवर जायचं ठरलं, पण बहुतेक देश तिथे पोचले नाहीत. २०११मध्ये केनियात मक्याचा घातक विषाणूजन्य रोग (मेझ लेथल नेक्रोसिस). २०१५–१६ आणि २०२३–२४चे एल निनो. यांतल्या दुसऱ्या वेळी झांबिया, मलावी आणि झिंबाब्वेने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली आणि झांबियाचं पीक निम्म्याहून खाली घसरलं.

आणि २०१६ची रेष. त्या वर्षाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत अमेरिकन लष्करी अळी आढळली, दोन वर्षांत ती सहाराच्या दक्षिणेला जवळजवळ सगळीकडे पोचली. २०१८मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याला दिसली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातही. पोंगा उघडला की ओल्या भुशासारखी विष्ठा, पानांवर ओळीने छिद्रं, अळीच्या डोक्यावर उलटा वाय: हे आपल्या शेतकऱ्यांना आता सांगावं लागत नाही. मात्र आफ्रिका खंडाच्या आलेखात २०१६नंतर मोठा खड्डा शोधाल तर सापडणार नाही. २०१७ हे दक्षिण आफ्रिकेचं विक्रमी वर्ष होतं आणि त्याने खंडाची बेरीज उचलून धरली. खड्डा नाही म्हणून नुकसान नाही, असं लिहू नका. अळीचा परिणाम शोधायचा तर देश, जमल्यास जिल्हा पातळीवर जा, पावसाचा फरक वेगळा काढा आणि फवारणीचा वाढलेला खर्चही धरा. तो उत्पादनाच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक वाक्यात चार गोष्टी असाव्यात: कोणता काळ, कोणता भूभाग, क्षेत्र की उतारा, आणि सरासरी किती वर्षांची. ‘आफ्रिकेत मक्याचं उत्पादन झपाट्याने वाढलं’ हे वाक्य मी कुणाच्याही लेखातून खोडीन. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘१९६१ ते २०२०च्या दशकाची सुरुवात या काळात आफ्रिकेतलं मका उत्पादन पावणेसहा पटींच्या आसपास वाढलं. निम्म्याहून जास्त वाढ क्षेत्रातून आली. माणशी उपलब्धता सुमारे एक पंचमांशाने वाढली. इथिओपियात उताऱ्याने आघाडी घेतली, दक्षिण आफ्रिकेत क्षेत्र घटूनही उतारा वाढला, तर टांझानियासारख्या देशांत मुख्य आधार नव्या जमिनीचाच राहिला.’

खाली एका ओळीत साठ्याचं नाव, फाइल उतरवल्याची तारीख आणि तुम्ही जोडलेले जुने-नवे देश नोंदवा. पुढच्या वर्षी नवी फाइल आली की जुनी पुसू नका. दोन्ही शेजारी ठेवून मागच्या पाच वर्षांचे आकडे कुठे बदलले ते आधी बघा, आणि मगच नवं वर्ष आलेखाला जोडा.